सर्व कुटुंबाची गरम टोपी

हेमंत ऋतूची चाहूल लागली, म्हणजे माळ्यावरच्या ट्रंका खालीं येतात, रजयांना ऊन दाखविलें जातें, आणि गतवर्षींच्या टोप्यांची पाहणी सुरू होते. कोणाची टोपी धुण्यांत आटलेली असते, कोणाच्या टोपीस कसर लागलेली असते, आणि मुलांच्या बाबतींत तर टोपी होती तेवढीच राहून डोकें मात्र वाढलेलें असतें! महाराष्ट्राची थंडी कांहीं काश्मीरची नव्हे. तथापि निफाडकडील पहाट, महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं गवतावर गोठलेलें दंव, किंवा पुण्यांतील धनुर्मासांतली सकाळची शाळा ज्यांनीं अनुभविली आहे, त्यांस कानांवर नीट बसणारी टोपी ही चैनीची वस्तु नव्हे हें सांगावयास नको. त्यांतून आज कितीएक घरांतील मुलें-सुना टोरँटो, शिकागो अशा ठिकाणीं राहतात. तेथें तर हिंवाळ्याचे कित्येक महिने टोपीवांचून उंबरठा ओलांडतां येत नाहीं.

याच संबंधांत एका भगिनीनें आम्हांस पत्रद्वारें प्रश्न केला आहे. घरांत सासूसासऱ्यांपासून पाळण्यांतल्या बाळापर्यंत नऊ माणसें. प्रत्येकाची टोपी विणावयाची तर पुस्तकांत प्रत्येक वयाची निराळी कृति शोधावी लागते, आणि ती सांपडली तरी पुस्तकांतलें डोकें व घरांतलें डोकें जुळत नाहीं. तेव्हां सर्वांस लागू पडेल असा एखादा नियम आहे काय? प्रश्न दिसावयास विणकामाचा आहे, पण खरें पाहतां तो त्रैराशिकाचा आहे. आणि त्रैराशिक शिकविण्यांत आमचा जन्म गेला असल्यामुळें उत्तर देण्याचें धाडस करतों.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करूं. मास्तरांची ही खोड जात नाहीं, ती वाचकांनीं सोसून घ्यावी. संस्कृतांत शिरोवेष्टनास ‘उष्णीष’ म्हणतात, आणि जुने व्युत्पत्तिकार त्याचा अर्थ ‘उष्णाचें निवारण करणारें’ असा लावतात. थंडीच्या निवारणाला मात्र ‘ऊर्णा’, म्हणजे लोंकर, हवी. आतां ‘विणणें’ हा शब्द घ्या. मराठींत हें एकच क्रियापद मागावरील कापडासही चालतें आणि सुयांवरील टोपीसही चालतें; परंतु दोहोंची रचना अगदीं भिन्न आहे. मागावरचें कापड शब्दशः ‘ओतप्रोत’ असतें, म्हणजे उभे व आडवे असे दोन प्रकारचे धागे त्यांत एकमेकांत गुंतलेले असतात. टोपीला ताणाही नाहीं आणि बाणाही नाहीं. तिच्यांत एकच धागा असतो, आणि तो आपल्याच फांसांतून नवा फांस काढीत पुढें जातो. त्यामुळें मागावरचें कापड ओढलें तर ताठ राहतें; सुयांवरचें ओढलें तर प्रत्येक फांस थोडा उघडतो, आणि सोडलें कीं पुन्हां मिटतो. टोपीचें सारें शास्त्र या एका गुणावर उभें आहे.

टोपी स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं; ती कांहीं शेगडी नव्हे. डोक्याची उष्णता बाहेर जाऊं न देणें एवढेंच तिचें काम, आणि तेंही ती लोंकरीपेक्षां लोंकरींत अडकलेल्या हवेच्या बळावर करते. लोंकरीचा तंतु सरळ नसून नागमोडी असतो. म्हणून दोन तंतु एकमेकांस घट्ट चिकटत नाहींत, आणि मध्यें हवेचे असंख्य बारीक कप्पे राहतात. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. दुसरा गुण असा कीं, लोंकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटांत घेते, आणि तरीही हाताला ओली लागत नाहीं. पहाटेच्या दंवांतून फिरून आलेल्या माणसाच्या डोक्याला गारठा बाधत नाहीं तो याच कारणानें. यावरून विणणारीनें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: अति घट्ट वीण म्हणजे अति गरम टोपी नव्हे. घट्ट विणींत हवेला जागा राहत नाहीं, आणि अति सैल विणींतून वारा शिरतो. मधला मार्ग बरा.

‘शरीराची निम्मी उष्णता डोक्यांतून निघून जाते’ हें वाक्य सुशिक्षित माणसांच्याही तोंडीं असतें. तें खरें नाहीं. अमेरिकन सैन्याच्या एका पुस्तिकेंत हा आंकडा ४० ते ४५ टक्के असा दिलेला होता. परंतु २००८ सालच्या डिसेंबरांत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकानें रूढ वैद्यकीय गैरसमजुतींचें परीक्षण करतांना त्याचें खंडन केलें. मोठ्या माणसाच्या एकंदर त्वचेचा फार तर दहावा भाग डोक्याचा, आणि उष्णताही साधारणपणें त्याच मानानें जाते. मग टोपीचें महत्त्व कमी झालें काय? मुळींच नाहीं. अंगावर सदरा, स्वेटर, शाल असा सरंजाम असतांना उघडें राहतें तें डोकेंच. शिवाय तान्ह्या बाळाचें डोकें देहाच्या मानानें मोठें, त्वचेच्या जवळजवळ पांचव्या हिश्श्याइतकें असतें. बाळंतविड्यांत झबल्याबरोबर टोपडें न चुकतां ठेवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनीं हें क्षेत्रफळ कधीं मोजलें नव्हतें. पण त्यांचें उत्तर बरोबर आलें होतें.

साहित्य :— बाजारांत ‘लोंकर’ या नांवानें जें मिळतें, त्यांतील पुष्कळसें मेंढीच्या अंगावरचें नसून ॲक्रिलिक नांवाचा कृत्रिम धागा असतो. तो अगदींच टाकाऊ असें आमचें म्हणणें नाहीं. तो स्वस्त आहे, धुण्यास सोपा आहे, आणि कसर त्याला खात नाहीं. पण ओलावा पोटांत घेण्याचा गुण त्यांत नाहीं, आणि विस्तवाजवळ तो वितळतो. परीक्षा करावयाची असल्यास बोटभर धागा चिमट्यांत धरून पेटवावा. खऱ्या लोंकरीस केस जळल्याचा वास येतो व तिची राख बोटांत चुरते. कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी बनतो. हा प्रयोग मुलांच्या हातीं देऊं नये.

खऱ्या लोंकरींतही भेद आहेत. आपल्या दख्खनी मेंढीची लोंकर राठ असते. धनगराच्या घोंगडीला ती उत्तम. पावसांत व रानांत त्या घोंगडीला तोड नाहीं. परंतु कपाळाला ती टोंचते. परदेशी मेरिनो मेंढीची लोंकर बारीक, म्हणून मऊ. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. तंतूची जाडी सुमारें ३० मायक्रॉनच्या पुढें गेली, म्हणजे त्याचें टोंक त्वचेला बोंचूं लागतें. मेरिनोचा तंतु साधारणपणें २४ मायक्रॉनच्या आंतला असतो. तेव्हां दुकानांत लोंकर बोटांनीं चाचपून घेऊं नये, गालाला लावून घ्यावी. कामामुळें बोटांची कातडी जाड झालेली असते, गाल खरें सांगतो. मोठ्या माणसाच्या दुमडीच्या टोपीस सुमारें ८० ते १०० ग्रॅम लोंकर लागते, बाळाच्या टोपड्यास २५ ते ३० ग्रॅम पुरते. मध्यम जाडीच्या लोंकरीस ४ किंवा ४.५ मिलिमीटरच्या सुया घ्याव्या.

माप :— एकाच लोंकरीचे व एकाच सुयांवरचे टांके दोघींच्या हातून सारखे पडत नाहींत. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. म्हणून पुस्तकांतील टांक्यांची संख्या ही पुस्तक लिहिणाऱ्याच्या हाताची असते, आपल्या हाताची नव्हे. टोप्या बिघडण्याचें मुख्य कारण हेंच. यास्तव आरंभीं वीतभर रुंदीचा एक नमुन्याचा तुकडा विणावा, आणि त्याच्या मध्यभागीं १० सेंटिमीटरांत किती टांके व किती ओळी बसतात तें मोजावें. समजा २० टांके व २८ ओळी भरल्या. म्हणजे एका सेंटिमीटरास २ टांके झाले.

आतां शिंप्याची फीत घेऊन डोक्याचा घेर मोजावा. फीत भुवयांच्या किंचित् वरून, कानांच्या वरून, आणि मागें डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून न्यावी. बायकांचें माप केस नेहमीं बांधतात तसे बांधूनच घ्यावें. टोपी डोक्याएवढीच विणली तर फांस उघडून ती डोळ्यांवर घसरते. म्हणून आलेल्या घेरांतून त्याचा दहावा हिस्सा वजा करावा. बाकीस एका सेंटिमीटरांतील टांक्यांनीं गुणावें. येईल त्या संख्येच्या सर्वांत जवळचा आठाचा पट घ्यावा. कारण शेंड्याचे आपण आठ समान भाग पाडणार आहों. अखेर शिलाईसाठीं २ टांके मिळवावे. सर्व कुटुंबाच्या टोप्यांचा नियम तो हा, एवढाच.

उदाहरणें घेऊं. आजोबांच्या डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर. दहावा हिस्सा वजा जातां ५१.३, दुपटीनें १०२.६, जवळचा आठाचा पट १०४, शिलाईसह १०६ टांके. आईचा घेर ५५, बाकी ४९.५; दुप्पट ९९; पट ९६; एकूण ९८ टांके. पांच वर्षांच्या नातवाचा घेर ५०, त्याचे ९० टांके. वर्षाच्या नातीचा घेर ४५, तिचे ८२ टांके. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा घेर ३४, त्याचे ६६ टांके. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. वयावरून डोकें धरूं नये, प्रत्येकाचें मोजावें. या आंकड्यांतच आणखी एक उपयुक्त गोष्ट दडली आहे. जन्मापासून पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत डोकें सुमारें ११ सेंटिमीटरांनीं वाढतें, आणि पांचव्या वर्षापासून पुढें जन्मभरांत जेमतेम सहा-सात. म्हणून तान्ह्या बाळाची टोपी एका हिंवाळ्यापुरतीच समजावी. पांच वर्षांच्या मुलाची मात्र तीन-चार हिंवाळे सहज निभावते.

कृति :— आजोबांची टोपी घेऊं. इतरांची त्यावरून समजेल. सैल हातानें १०६ टांके घालावे. पहिल्या ओळींत २ सुलट, २ उलट असें विणीत जावें. शेवटीं २ सुलट येतील. दुसऱ्या ओळींत २ उलट, २ सुलट असें विणावें. शेवटीं २ उलट येतील. पुढें याच दोन ओळी पुन्हां पुन्हां विणाव्या. ही उलट-सुलट पट्टी आडवी चांगली ताणते, म्हणून कपाळाला काच न पडतां टोपी धरून राहते. पट्टी मोठ्यांस १० सेंटिमीटर, मुलांस ८ व बाळास ५ विणावी; ती बाहेरून अर्धी दुमडली म्हणजे कानांवर दुहेरी थर येतो. त्यानंतर एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी साधी वीण चालवावी. दुमडलेल्या कांठापासून मोजून टोपी मोठ्या पुरुषास १५ सेंटिमीटर, स्त्रियांस १४, पांच वर्षांच्या मुलास १३, वर्षाच्या मुलास ११.५ व बाळास ९.५ झाली, कीं शेंडा सुरू करावा.

शेंड्याच्या पहिल्या सुलट ओळींत कडेचा १ टांका सुलट विणावा. मग ‘११ सुलट, २ टांके एकत्र’ असें आठ वेळां करावें, आणि शेवटचा कडेचा १ टांका सुलट विणावा. टांके १०६ चे ९८ झाले. परतीची ओळ साधी उलट. पुढील सुलट ओळींत ‘१० सुलट, २ एकत्र’, त्यापुढें ‘९ सुलट, २ एकत्र’, असा क्रम ठेवावा. अशा सहा घटीच्या ओळी झाल्या, म्हणजे पुढें साधी ओळ मध्यें न घालतां प्रत्येक ओळींत घट करावी. उलट बाजूस दोन टांके एकत्र उलट विणावे. आजोबांच्या टोपीस घटीच्या एकंदर बारा ओळी लागतात, आईच्या टोपीस अकरा, बाळाच्या टोपीस सात. निम्म्या एकाआड एक व निम्म्या लागोपाठ, हें सूत्र सर्वांस सारखें. आणि कोणतीही टोपी असो, अखेरीस सुईवर १० टांकेच उरले पाहिजेत. हा आपल्या गणिताचा ताळा होय. न उरल्यास पुढें जाऊं नये; मागें जाऊन मोजावें.

धागा हातभर ठेवून तोडावा, बोथट सुईनें तो त्या दहा टांक्यांतून ओवून घट्ट ओढावा, आणि त्याच धाग्यानें टोपीची बाजू शिवून घ्यावी. शिवतांना दोन्ही कडांचा एकेक टांका शिलाईंत जातो. म्हणजे उरलेले दोन सुलट टांके शेजारीं येऊन पट्टीचा नमुना कोठेंही तुटत नाहीं. दुमडीच्या भागाची शिलाई मात्र उलट्या बाजूनें करावी, म्हणजे दुमडल्यावर ती दिसत नाहीं. चार सुयांवर गोल विणतां येत असेल त्यांनीं शिलाईचे २ टांके घालूं नयेत. त्यांस परतीची उलट ओळही नाहीं, पट्टीनंतर सारें काम सुलटच.

बाळाविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. कमी वजनाच्या बाळास आईच्या उघड्या छातीशीं त्वचेला त्वचा लावून धरण्याची पद्धति १९७८ सालीं कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं सुरू झाली व आतां जगभर मान्य झाली आहे. त्या पद्धतींत बाळाच्या अंगावर लंगोट, मोजे आणि टोपी एवढेंच असतें. यावरून टोपीची योग्यता कळावी. परंतु धडधाकट बाळ घरांत उबेला झोंपलें असतां त्याच्या डोक्यावर टोपी ठेवूं नये. जास्त झालेली उष्णता बाळ मुख्यतः डोक्यावाटेच बाहेर टाकतें, आणि टोपी घसरून नाकातोंडावर येण्याचेंही भय असतें. बाळाच्या टोपीस हनुवटीखालीं बांधावयाचे बंद, मणी, गोंडे लावूं नयेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाविषयीं डॉक्टर सांगतील तें प्रमाण. वृद्धांच्या बाबतींत श्रवणयंत्र व चष्म्याच्या काड्या ध्यानांत घेऊन पट्टी थोडी सैल ठेवावी. औषधोपचारामुळें ज्यांचे केस गेले आहेत त्यांच्यासाठीं मऊ सुती धागा घ्यावा. त्यांच्या डोक्याची त्वचा फार हळवी झालेली असते.

धुण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. लोंकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. कढत पाण्यांत चोळल्यास ते एकमेकांत अडकतात आणि टोपी कायमची आटते. म्हणून कोमट पाण्यांत रिठे भिजवून त्या पाण्यांत टोपी नुसती दाबावी, पिळूं नये, आणि सावलींत सपाट पसरून वाळवावी. उन्हाळ्यांत ठेवून देण्यापूर्वीं ती अवश्य धुवावी. कसरीच्या अळीस घामट लोंकर अधिक प्रिय असते. बाळाच्या कपड्यांत मात्र डांबराच्या गोळ्या ठेवूं नयेत. त्यांची वाफ कांहीं बाळांच्या रक्तास अपाय करते.

येथें कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठीं? पेठेंत यंत्रावर विणलेली टोपी लोंकरीच्या किंमतींहून स्वस्त मिळते. हें म्हणणें खरें आहे, आणि काटकसरीच्या नांवाखालीं आम्ही विणकामाची शिफारस करीत नाहीं. हातानें विणलेल्या टोपीचा एक उपयोग असा कीं, ती उसवतां येते. आजोबांचा कोपरांवर विरलेला स्वेटर उसवून त्याच्या दोन टोप्या होतात. यंत्राच्या कापलेल्या कापडाचें तसें होत नाहीं. पण मुख्य कारण निराळें आहे. बाजारची टोपी ‘मोठी’, ‘मधली’ आणि ‘लहान’ अशा तीन डोक्यांसाठीं केलेली असते, आणि आपल्या घरांत त्या नांवाचें कोणी नसतें.

नॉर्वेच्या उत्तरेस ध्रुवसमुद्रांत स्पिट्सबर्गन नांवाचें बेट आहे. सतराव्या शतकांत तेथें डच लोक देवमाशांची शिकार करण्यास व त्यांची चरबी कढविण्यास जात, आणि त्यांतले कितीएक तेथेंच मरत. १९८० सालीं पुराणवस्तुसंशोधकांनीं अशा १८५ माणसांच्या थडग्यांची पाहणी केली. पुष्कळ सांगाड्यांच्या डोक्यांवर लोंकरीच्या विणलेल्या टोप्या तशाच होत्या, आणि त्यांचे रंग व पट्टे निरनिराळे होते. त्या भयंकर थंडींत माणसें अशीं गुंडाळलेलीं असत कीं, चेहऱ्यावरून कोण तें कळत नसे. टोपीच्या रंगावरून व नमुन्यावरून एकमेकांस ओळखावें लागे. त्यांतील कांहीं टोप्या आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्यें आहेत. आम्हांस या हकीकतींत सर्वांत मोठें वाटतें तें हें कीं, त्या बर्फांतही एक टोपी दुसरीसारखी नव्हती.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडचें. तेथें १५७१ सालीं पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, सहा वर्षांवरील प्रत्येकानें रविवारीं व सणाच्या दिवशीं देशांत विणलेली लोंकरीची टोपी घालावी. न घातल्यास दिवसास ३ शिलिंग ४ पेन्स दंड. टोप्या विणणारांचा धंदा टिकावा हा हेतु होता. सरदार-उमरावांस अर्थातच सूट होती! लोकांनीं तो कायदा फारसा मानला नाहीं, आणि १५९७ सालीं तो रद्द झाला. दंडाच्या धाकानें डोक्यावर टोपी टिकत नाहीं. आईनें घातलेली टिकते.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे वळतों. मराठींत ‘कुटुंब’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, घरांतील सर्व माणसें. आणि दुसरा, जुन्या माणसांच्या बोलण्यांतला, पत्नी. हिंवाळ्यांत होतें तें असें कीं, सर्व कुटुंबाच्या टोप्या विणल्या जातात, आणि त्यांतून नेमकें ‘कुटुंब’ तेवढें राहून जातें. सासऱ्यांची होते, दिरांची होते, पुतण्यांची होते, परदेशीं गेलेल्या नणंदेच्या मुलांचीही पोंचती होते. आणि विणणारी पहाटे पाणी तापवावयास उठते ती डोक्यावर पदर घेऊन. ‘लोंकर उरली तर माझी करीन’ असें ती म्हणते. लोंकर उरत नाहीं. उरली तरी तिचे बाळाचे मोजे होतात. कोणी मुद्दाम अन्याय करतो असें नाहीं. नऊ डोकीं मोजण्याचें काम जिच्याकडे असतें, तिचें दहावें डोकें मोजावयास कोणी नसतें, एवढेंच. आणि आपण आपलें डोकें नीट मोजूं शकत नाहीं, हें फीत हातीं घेऊन कोणीही पाहावें. मागची बाजू दिसत नाहीं.

यावर उपाय एकच: घरांत विणणारे हात एकाहून अधिक असावेत, आणि त्यांत पुरुषांचेही असावेत. हें काम बायकांचें अशी समजूत आहे, पण ती जगाच्या अनुभवास धरून नाहीं. युरोपांतील जुन्या शहरांत विणकाम करणारांचे संघ असत, आणि त्यांतले उस्ताद व उमेदवार बहुधा पुरुषच. पेरू देशांत टिटिकाका सरोवरांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३८०० मीटर उंचीवर, ताकिले नांवाचें बेट आहे. तेथें कान झांकणाऱ्या रंगीत टोप्या पुरुषच विणतात. मुलगे लहानपणींच ही विद्या शिकतात, आणि टोपीच्या रंगावरून माणूस विवाहित कीं अविवाहित हें ओळखतां येतें. युनेस्कोनें २००५ सालीं या कलेस मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें. निवृत्तीनंतर आम्हीं स्वतः सुया हातीं घेतल्या, तेव्हां घरांत थोडें हसूं झालें. तें दोन दिवसांत संपलें. तिसऱ्या दिवशीं नातू दुसरी जोडी मागावयास आला. ज्या मुलास त्रैराशिक येतें त्याला टोपी येते. बारा वर्षांच्या मुलानें ६६ टांक्यांच्या टोपड्यापासून आरंभ करावा. तें चार-सहा संध्याकाळीं पुरें होतें, आणि घालणारा तक्रार करीत नाहीं.

असो. दिवाळीचे पाहुणे गेल्यावर मार्गशीर्षापर्यंत जे दिवस मिळतात, ते या कामास उत्तम. एखाद्या सायंकाळीं जेवणें आटोपल्यावर फीत, पेन्सिल व एक वही घेऊन सर्वांनीं बसावें. वहींत प्रत्येकाचें नांव, डोक्याचा घेर व टांक्यांची संख्या लिहून ठेवावी. पुढील वर्षीं केवळ मुलांचींच मापें नव्यानें घ्यावीं लागतील. परदेशीं असलेल्यांकडून माप मागवून घ्यावें. मात्र वहीच्या पहिल्या ओळीवर नांव घरांत आजवर टोप्या विणीत आलेल्या बाईचें असावें, तिचें माप दुसऱ्यानें घ्यावें, आणि तिची टोपी दुसऱ्याच कोणाच्या तरी सुईवर सर्वांच्या आधीं चढावी.

पुढील अंकीं मोज्यांच्या टांचेचें गणित सांगण्याचा विचार आहे. तें टोपीहून थोडें अवघड आहे.